डौलदार चालीचा साथीदार
तृतीय वर्ष, कला

ज्या ध्वनिमुद्रिकेमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्या वेष्टनावर वादकाचा चेहराच नाही. न्यूयॉर्कचा पदपथ आणि त्यावरून उंच टाचांच्या बुटांत डौलाने चाललेली एका स्त्रीची पावले, एवढेच छायाचित्र. 'कूल स्ट्रटिन' हे तिचे नाव. त्याचा अर्थही तसाच: सावकाश, ऐटीत चालणे. ध्वनिमुद्रिका सॉनी क्लार्क या अमेरिकन निग्रो पियानोवादकाची.

मी पेटीची साथ करतो. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत निवेदकाने गायिकेचे नाव घेतले, तबलजीचे घेतले आणि माझे विसरला. घरी येऊन मी पेटी कपाटावर ठेवली ती ठेवलीच. साथ करणाऱ्याला कोण विचारतो, असा कडवटपणा मनात भरला होता. त्याच दिवसांत एका मित्राने मला ही तबकडी ऐकवली.

सॉनीचे खरे नाव कॉनरॅड यिटिस क्लार्क. २१ जुलै १९३१ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्मिनी या कोळसा खाणींच्या वस्तीत तो जन्मला. आठ भावंडांत धाकटा. तो तान्हा असतानाच वडील वारले. चौथ्या वर्षापासून त्याची बोटे पियानोवर फिरू लागली. पुढे कुटुंब पिट्सबर्गला आले. १९५१ मध्ये तो कॅलिफोर्नियाला गेला आणि तेथे क्लॅरिनेटवादक बडी डिफ्रँको यांच्या वाद्यवृंदात त्याला स्थिर काम मिळाले. १९५४ मध्ये त्यांच्याबरोबर तो युरोपातही फिरून आला. १९५७ साली गायिका डायना वॉशिंग्टन हिची साथ करत तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि तेथेच राहिला.

जॅझमध्ये तेव्हा 'हार्ड बॉप'चा जोर होता. आधीच्या 'बीबॉप'ची चाल डोके गरगरवणारी, बुद्धीची कसोटी पाहणारी. हार्ड बॉपवाल्यांनी ती बुद्धी सोडली नाही. मात्र तिला ब्लूजची आणि चर्चमधील गाण्याची माती लावली. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरील, असे हे संगीत.

५ जानेवारी १९५८, रविवार. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातील दिवाणखाना हाच ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. ट्रम्पेटवर आर्ट फार्मर, आल्टो सॅक्सोफोनवर जॅकी मॅक्लीन, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर फिली जो जोन्स. मूळ तबकडीत चारच रचना आहेत. त्यांपैकी दोन क्लार्कच्या स्वतःच्या. पहिलीच रचना ब्लूजची, नऊ मिनिटांहून थोडी मोठी. बास एकेका मात्रेवर पाऊल टाकत चालतो, झांज त्याला हलका झोका देते. लय मध्य. घाई नाही आणि रेंगाळणेही नाही. त्या वाटेवर क्लार्कचा उजवा हात लांबलचक, स्वच्छ ओळी विणत जातो. पण मला अधिक मोह पडला तो डाव्या हाताचा. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन बोलू लागला की क्लार्क मागे सरतो, आणि नेमक्या फटीत एखादा छोटा स्वरगुच्छ टाकून समोरच्याला पुढचे वाक्य सुचवतो. नायक तो, नाव त्याचे, आणि तरी पुढे दिसतात ते दुसरे! पेटीवर मी नेमके हेच करायला हवे होते. मी मात्र गायिकेच्या जागा भरून काढण्याच्या नादात तिच्या पायांत पाय घालत होतो. निवेदकाची चूक होतीच, माझीही होती.

क्लार्कचे आयुष्य मात्र या चालीसारखे निवांत नव्हते. हेरॉइनच्या व्यसनाने त्याला तरुणपणीच गाठले. मधूनमधून तो त्यातून वर येई. १९६१ च्या अखेरीस त्याने 'लीपिन अँड लोपिन' ही उत्तम ध्वनिमुद्रिका केली. ऑगस्ट १९६२ मध्ये डेक्स्टर गॉर्डन यांच्या 'गो' या ध्वनिमुद्रिकेत त्याने केलेली साथ आजही वाखाणली जाते. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १३ जानेवारी १९६३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वय अवघे एकतीस. व्यसनाने कलावंत घडतो, असे आपल्याकडेही कौतुकाने बोलले जाते. मला ते पटत नाही. क्लार्कची कला त्याच्या कानात आणि बोटांत होती. व्यसनाने तिच्यात काही भर घातली नाही, फक्त तिची वर्षे खाल्ली.

त्याचा मित्र बिल एव्हन्स हाही थोर पियानोवादक आणि त्याच व्यसनात अडकलेला. त्याने १९६३ मध्येच सॉनी क्लार्कच्या इंग्रजी नावातील अक्षरे उलटसुलट मांडून एका रचनेला शीर्षक दिले: 'एनवायसीज नो लार्क'. न्यूयॉर्क म्हणजे मौज नव्हे, असा काहीसा त्याचा अर्थ. मित्राचे नाव त्याने असे लपवून जपले.

मायदेशात क्लार्कची हयातीत फारशी गाजावाजा झाली नाही. 'कूल स्ट्रटिन'वर जीव टाकला तो जपानी रसिकांनी. अमेरिकेत खपल्या त्याहून अधिक प्रती तेथे खपल्या. गिटारवादक ग्रँट ग्रीनबरोबर त्याने केलेल्या कित्येक ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या तर त्याच्या मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळाने निघाल्या. कौतुक आले, पण ते घ्यायला तो नव्हता.

म्हणून कौतुकाच्या आशेवर वाजवू नये, एवढे मी त्याच्याकडून शिकलो. पेटी आता कपाटावरून खाली आली आहे. यंदाच्या संमेलनात माझे नाव पुकारले गेले की नाही, ते खरेच माझ्या लक्षात नाही. गाणारीला पुढची ओळ आपसूक सुचली, तेवढे मात्र लक्षात आहे.