ओव्हरटाइमच्या आधीची लढाई लढलेला माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

दर वर्षी १० जून आला की एक मेसेज फिरतो. देशाला रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, असं त्यात असतं. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असायच्या. सुट्टी नव्हती ती गिरणी कामगारांना. आणि लोखंडेंची लढाई फक्त सुट्टीपुरती नव्हतीच.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण फार झालं नाही. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली, मग मुंबईच्या मांडवीतल्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीत काय चालतं, ते त्यांनी तिथेच डोळ्यांनी पाहिलं.

त्या काळी गिरणीचा दिवस घड्याळावर नाही, तर उजेडावर चालायचा. दिसायला लागलं की यंत्रं सुरू, अंधारलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही मोठं. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला, पण तो लहान मुलांच्या कामाच्या तासांपुरता. मोठ्या माणसाने किती तास राबायचं, यावर काहीच बंधन नव्हतं.

इथेच खरी मेख होती. कामाची वेळच ठरलेली नसेल, तर जादा काम कशाला म्हणायचं? आणि जादा काम मोजता येत नसेल, तर त्याचे पैसे कुणाकडे मागायचे?

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' या वृत्तपत्राची धुरा मुंबईत घेतली आणि कामगारांचे हाल छापायला सुरुवात केली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात सहसा इथूनच मोजतात.

पण मालक लगेच बधले नाहीत. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला लोखंडेंनी भरवलेल्या सभेला जवळपास दहा हजार कामगार जमले. त्यात दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले.

१८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं. त्या साथीतच ९ फेब्रुवारीला लोखंडे गेले.

त्यानंतर गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा आधारही सुटला. कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. मग १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास ठरले. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना बारमाही कारखान्यांसाठी ते ४८ वर आले.

आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ५९ ने सांगितलं की दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करून घेतलं, तर त्या जादा वेळेचा पगार नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यायचा.

लोखंडेंच्या अर्जात ओव्हरटाइम हा शब्द नव्हता. पण काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे आधी ठरवा, ही मागणी होती. दुप्पट पगाराचा हिशोब त्या दोन वेळांमधूनच सुरू होतो. म्हणून आजही ओव्हरटाइमचा वाद झाला की पहिल्यांदा बघतात ते हजेरीचं रजिस्टर : माणूस आत कधी आला आणि बाहेर कधी पडला.