नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

इंदूर, नागपूर, बडोदे, लखनौ, ठाणे ही नावे घेताच आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबांना कुणाचे आजोळ, कुणाचे सासर आठवेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात या सर्व नगरांच्या गल्लीबोळांतून एक दाढीवाला स्कॉटिश प्राध्यापक पायी हिंडत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. लंडनला हक्सले यांच्या हाताखाली शिकलेले. 1879 साली मेक्सिकोत संशोधन करीत असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसण्याचे दिवस संपले. दृष्टी अधू झाल्यामुळे या मनुष्याची नजर पेशींवरून माणसांच्या वस्तीकडे वळली, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

1886 साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवदांपत्याने बिऱ्हाड थाटले ते एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या गलिच्छ, दाटीच्या वाड्यात. शहरातील सुखवस्तू लोक केव्हाच नव्या, प्रशस्त वस्तीत निघून गेले होते. जुन्या गावात उरले होते ते गरीब. श्रीमंत व गरीब एकाच नगरात राहूनही एकमेकांना दिसेनासे व्हावेत, ही गोष्ट गेडिस यांना बोचली. पतिपत्नींनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती रंगविल्या, अंगण झाडले, फुलझाडे लावली. नगररचनेचे त्यांचे सारे शास्त्र आम्हांस तरी याच अंगणात उगवलेले दिसते.

1888 पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. या पदाचे काम वर्षातील थोड्याच महिन्यांचे असल्याने उरलेला वेळ त्यांनी नगरांना दिला. स्थळ, व्यवसाय आणि लोक या तिहींच्या संबंधातून नगर घडते. म्हणून आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. एकमेकींना भिडत चाललेल्या शहरांच्या समूहाला ‘कॉनर्बेशन’ हे नाव त्यांनीच दिले. 1915 साली त्यांचा ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा ग्रंथ निघाला.

तत्पूर्वी, 1914 साली, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. मागाहून येणारे त्यांचे नगर-प्रदर्शन घेऊन निघालेली बोट जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडविली. आयुष्यभर जमविलेले नकाशे व चित्रे समुद्रतळाशी गेली. मित्रांनी घाईने नवे साहित्य जमवून पाठविले आणि 1915 च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

त्या काळी प्लेगच्या भीतीने दाट वस्त्यांतून सरळ रुंद रस्ते काढण्याची लाट होती. कागदावर रेघ ओढावयाची व तिच्या आड येतील ती घरे पाडावयाची. गेडिस यांचा प्रश्न साधा होता: या घरांतील माणसे जाणार कोठे? ती शेजारच्या आळीत शिरतात, तेथील दाटी व भाडे दोन्ही वाढतात, आणि रोग जागच्या जागी राहतो. यावर त्यांचा उपाय शल्यवैद्याचा होता. पडकी घरे तेवढी काढावीत, मोकळ्या जागी झाड लावावे, बोळ थोडा रुंद करावा, विहिरी व तळी बुजविण्याऐवजी स्वच्छ राखावीत. खर्चही कितीतरी कमी. अर्थात मोठ्या योजनांवर जगणाऱ्यांना हे रुचणारे नव्हते.

1917 साल त्यांना फार जड गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. ॲनाबाई तेव्हा कलकत्त्यास आजारी होत्या; त्यांना ही वार्ता सांगण्याचे धैर्य पतीला झाले नाही, आणि पुत्रवियोग न कळताच त्यांनी डोळे मिटले.

तरीही काम थांबले नाही. इंदूर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. तेथील दिवाळीची मिरवणूक तर प्रसिद्धच आहे. ज्या आळ्यांनी घरे अधिक स्वच्छ केली असतील त्यांच्या दारावरून मिरवणूक जाईल, असे जाहीर होताच गावभर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, आणि मानाने चालले होते ते नगराचे सफाई कामगार, हार घातलेले झाडू घेऊन. एका दिवसाच्या मानाने जन्माची अवहेलना फिटत नाही, हे खरे. जातवार वस्त्यांमागील अन्यायाचे मूळ गेडिस यांनी पुरेसे खणले नाही, असेही आम्हांस वाटते. परंतु ज्या काळी त्यांची सावलीही नकोशी होती, त्या काळी त्यांना पुढे चालविणे ही लहान गोष्ट नव्हती.

1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग निघाला. गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला विलायतेत शिक्षणासाठी पाठविण्यात त्यांचाच पुढाकार होता. प्रकृतीमुळे 1924 साली त्यांनी मुंबई सोडली, आणि त्याच वर्षी विभागाची धुरा परतलेल्या घुर्ये यांच्याकडे आली.

फ्रान्समधील माँपेलिए येथे एक विद्यार्थीनिवास उभारण्यात गेडिस यांची अखेरची वर्षे गेली. 1932 च्या आरंभी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि 17 एप्रिल रोजी, मायभूमीपासून दूर, तेथेच त्यांचे निधन झाले.