सुचण्याआधीचा रियाज

मोताळ्यात इफ्तार आटोपल्यावर तरावीहला निघेपर्यंत थोडा निवांतपणा असतो. परवा अशाच वेळी एका विद्यार्थ्याने मोबाइलवर ऊद ऐकवला. ऊद म्हणजे अरबांचे जुने तंतुवाद्य. त्यावर एकट्याने सुरांचा विस्तार करण्याला तक्सीम म्हणतात. हे आधी ठरवलेले असते की तिथल्या तिथे सुचते, असे त्याने विचारले. खरे तर दोन्ही. मकाम, म्हणजे सुरांची चौकट, ठरलेली. सहसा खालच्या सुरांतून वर जायचे, शेजारच्या मकामात डोकावायचे आणि मूळ जागी परतायचे, ही वाटही ठरलेली. पावले मात्र त्या दिवसाची.

आपल्या आलापाचेही असेच आहे. ही वाट ज्यांनी महाराष्ट्राच्या कानांत मुरवली, ते उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावावरून किराणा घराण्याचे नाव पडले. घरात गाण्यासोबत सारंगी आणि बीन होती. खाँसाहेब स्वतःही ही वाद्ये वाजवत. तारेवर सूर लांबवण्याची, एका सुरातून दुसऱ्यात अलगद सरकण्याची ती सवय पुढे त्यांच्या गळ्यात उतरली.

तरुणपणी ते बडोदा दरबारात आले. तिथल्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा संसार सुरू झाला, त्यासाठी बडोदा सोडावे लागले. पुढे मिरज हेच त्यांचे गाव झाले. भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीर याच मिरजेचे. तंबोरा नीट लागल्याखेरीज खाँसाहेबांचे गाणे सुरू होत नसे. श्रुतींचा अभ्यास करणारे सांगलीचे कृ. ब. देवल यांनाही त्यांच्या सुरेल गळ्याची मदत झाली.

1913 मध्ये त्यांनी पुण्यात शाळा काढली. संस्थापक मुसलमान, नाव आर्य संगीत विद्यालय, आणि शिष्यांत बरेचसे हिंदू. गरीब मुलांच्या राहण्याजेवणाचा भारही खाँसाहेबांवरच. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. तालीम सब्राची होती. षड्ज स्थिर झाल्यावरच पुढचा सूर. एकेक सूर उलगडत जायचे, वरच्या षड्जाची घाई करायची नाही. हा आराखडा वर्षानुवर्षे घोटल्यावरच मैफलीत नवे सुचायला मोकळीक मिळते.

सुरांत इतका सब्र असलेल्या या माणसाचे घर मात्र टिकले नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही त्यांची मुले पुढे नामवंत गायक झाली, पण वडिलांचे नाव त्यांच्या नावापुढे लागले नाही. गाणे तेवढे वारशाने आले.

पुढे तबकड्यांचा जमाना आला. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर चालणारा राग तेवढ्यात मांडायचा, तर कुठे थांबायचे, काय गाळायचे हे आधीच पक्के हवे. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. कुठेही धावपळ जाणवत नाही, सगळे आत्ताच सुचल्यासारखे वाटते. त्यांत ख्याल आहे, ठुमरी आहे, मराठी नाट्यपदे आहेत आणि त्यागराजांची रामावरची कृतीही आहे. अशीच एक तबकडी ऐकून गदगचा लहानगा भीमसेन जोशी गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडला आणि अखेर सवाई गंधर्वांच्या दारी पोहोचला.

27 ऑक्टोबर 1937. खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळ आली आणि ते सिंगपेरुमलकोईल स्टेशनवर उतरले. त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा लावायला सांगितला, दरबारीचे सूर लावले आणि तिथेच प्राण सोडला, असे सांगतात. रमजान जेमतेम आठ-नऊ दिवसांवर आला होता. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसाच्या काळात आजही तिथे गायक-वादक हजेरी लावतात. त्या वेळी कोण कुठल्या धर्माचा, हे कोणी विचारत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले. सहेरीची वेळ ठरलेली, इफ्तारची ठरलेली, नमाजाच्या रकातीही ठरलेल्या. पण दुआ करताना मनात काय येईल, ते रोज नवे. रियाजही असाच असतो, बेटा.