कोनशिला

अमेरिकेतले यादवी युद्ध गुलामगिरीपायी झाले की घटक राज्यांच्या हक्कांपायी, हा वाद इतिहासाच्या तासाला निघाला की मला हटकून अलेक्झांडर स्टीफन्स आठवतो. वादाच्या दोन्ही बाजूंना साक्षीदार म्हणून उभा राहतो तो हा एकच माणूस.

जॉर्जिया राज्यात क्रॉफर्डव्हिलजवळ ११ फेब्रुवारी १८१२ रोजी त्याचा जन्म झाला. आई तान्हेपणीच गेली, चौदाव्या वर्षी वडीलही गेले. परक्यांच्या मदतीवर शिकून १८३२ मध्ये तो पदवी परीक्षेत पहिला आला, पुढे वकील झाला. प्रकृती तोळामासा, वजन जेमतेम शंभर पौंड, आवाज चिरका. पण १८४३ पासून काँग्रेसमध्ये तो बोलायला उठला की सभागृह शांत होई. मेक्सिकोवरील युद्धाला विरोध करताना इलिनॉयचा एक उंच सभासद त्याच्या बाजूला होता. तो अब्राहम लिंकन. दोघांची मैत्री जमली.

१८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडून आला आणि दक्षिणेत फुटून निघण्याची भाषा सुरू झाली. मिलेजव्हिल येथे स्टीफन्सने त्याविरुद्ध भाषण केले. एकटा अध्यक्ष काही करू शकणार नाही, काँग्रेस आणि सर्वोच्च न्यायालय त्याला आवरतील, असा त्याचा मुद्दा. इथे मी प्रथम फसलो; मला वाटले, हा उदारमतवादी असणार. पण त्याच्या स्वतःच्या घरी तिसाहून अधिक गुलाम होते, आणि गुलामगिरी संघराज्यातच अधिक सुरक्षित राहील असे त्याचे गणित होते. म्हणजे भांडण गुलामगिरी ठेवावी की नाही याचे नव्हतेच. ती कशी टिकवावी याचे होते! जॉर्जियाच्या साडेदहा लाख वस्तीत चार लाख बासष्ट हजार माणसे गुलाम होती. त्यांना कोणी विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको.

१९ जानेवारी १८६१ रोजी परिषदेने २०८ विरुद्ध ८९ मतांनी फुटण्याचा ठराव केला. स्टीफन्सने विरोधी मत दिले आणि मग ठरावावर सहीही केली. दहा दिवसांनी परिषदेने कारणांचे जाहीर निवेदन काढले. त्यात अगदी सुरुवातीलाच गुलामगिरीची तक्रार आहे. गुलामरूपी मालमत्तेची किंमत तीनशे कोटी डॉलर्स धरली आहे. जकात वगैरे विषय आहेत, पण ते तोंडी लावण्यापुरते.

फेब्रुवारीत स्टीफन्स नव्या संघाचा उपाध्यक्ष झाला. २१ मार्चला सव्हाना येथे त्याने जे सांगितले ते इतके उघड आहे की वाचताना आजही अंगावर काटा येतो. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, दास्य हीच त्याची नैसर्गिक अवस्था, आणि याच सत्यावर आपल्या सरकारची कोनशिला बसवली आहे, असा त्याचा आशय.

पुढे चार वर्षे रक्तपात. फेब्रुवारी १८६५ मध्ये हॅम्प्टन रोड्स येथे एका बोटीवर तो लिंकनला पुन्हा भेटला. तह जमला नाही. पण जुन्या स्नेहाखातर लिंकनने त्याच्या कैदेतल्या पुतण्याला सोडून दिले. पराभवानंतर स्टीफन्स बॉस्टनच्या बंदरातल्या किल्ल्यात कैदी होता. तिथल्या रोजनिशीत सव्हानाच्या भाषणाबद्दल त्याने बातमीदाराच्या टिपणांना दोष दिला. १८६८ आणि १८७० मध्ये त्याने दोन जाडजूड खंड लिहिले. त्यांत युद्धाचे मूळ राज्यांच्या सार्वभौमत्वात आहे, गुलामगिरी हे केवळ निमित्त. वकिली उत्तम आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण कोनशिला बसवणारा हात त्याचाच होता, हे मला विसरता येत नाही.

१८७३ साली तो पुन्हा काँग्रेसमध्ये गेला. त्याच वर्षी आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापून अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून जोतीरावांना युद्धाचे कारण नेमके कळले होते.

जॉर्जियाचा गव्हर्नर असताना ४ मार्च १८८३ रोजी स्टीफन्स वारला. १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये जॉर्जियाने त्याचा संगमरवरी पुतळा बसवला. तो घडवणाऱ्या गुट्झन बोर्ग्लमनेच पुढे रशमोरच्या डोंगरावर लिंकनचा चेहरा कोरला.