पावसाला कंटाळून इजिप्तला गेलेली बाई

१८७३ सालच्या हेमंतात दोन इंग्रज स्त्रिया फ्रान्समध्ये चित्रे काढीत हिंडत होत्या. पाऊस काही केल्या थांबेना. ऊन हवे म्हणून त्या दक्षिणेकडे सरकल्या, समुद्र ओलांडून इजिप्तमध्ये उतरल्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस कैरोच्या शेफर्ड्स हॉटेलात येऊन पोहोचल्या. इजिप्तचा अभ्यास करावा असा हेतू नव्हता की प्रवासाची आखणीही नव्हती. त्यांपैकी थोरल्या बाईंनी त्यानंतर ब्रिटनमध्ये इजिप्तविद्येचा पाया घातला. त्यांचे नाव अमेलिया एडवर्ड्स.

अमेलियाबाईंचा जन्म ७ जून १८३१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सैन्यातून निवृत्त होऊन बँकेत नोकरी करीत होते. आई आयरिश घराण्यातली. मुलीचे शिक्षण आईनेच घरी केले. सातव्या वर्षी तिची कविता छापून आली. संगीत, चित्रकला आणि लेखन या तिन्हींत तिला गती होती, आणि नेमके काय धरावे हा प्रश्न बरीच वर्षे सुटला नाही. काही काळ त्यांनी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. ठरलेले लग्न मोडले. अखेर लेखणी धरली. १८५५ मध्ये पहिली कादंबरी आली. १८६४ मधील ‘बार्बराज हिस्टरी’ने नाव मिळवून दिले आणि त्यांच्या भुताच्या गोष्टी डिकन्सच्या साप्ताहिकात छापून येऊ लागल्या. १८६० मध्ये आईवडील एकापाठोपाठ एक, आठवड्याभरातच गेले. पुढे ब्रिस्टलजवळच्या वेस्टबरी-ऑन-ट्रिम या गावी, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या एलेन ब्रेशर या विधवा मैत्रिणीसोबत त्यांनी घर केले. हे बिऱ्हाड शेवटपर्यंत टिकले.

त्या काळी इजिप्तचा हिवाळा हा श्रीमंत युरोपियनांचा ठरलेला विसावा झाला होता. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता आणि त्याच वर्षी टॉमस कुक यांनी पर्यटकांची पहिली तुकडी नाईलवर आणली होती. कुकच्या आगबोटी जलद जात. ज्यांच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही मुबलक, ते दहाबिया भाड्याने घेत. दहाबिया म्हणजे उंच शिडाची, प्रशस्त खोल्यांची नौका. अमेलियाबाईंनी आणि त्यांची सोबतीण ल्यूसी रेनशॉ यांनी काही सहप्रवाशांसह ‘फिले’ नावाची शंभर फुटी दहाबिया ठरवली. दिवाणखान्यात पियानो होता आणि खलाशी, आचारी, वाढपी धरून वीसएक माणसे दिमतीला होती. १३ डिसेंबरला नौका सुटली.

दहाबियाच्या प्रवासाला एक शिरस्ता होता, आणि तो वाऱ्याने घालून दिलेला होता. प्रवाहाविरुद्ध जायचे तर उत्तरेचा वारा हवा. तो मिळत असताना प्रेक्षणीय स्थळी थांबणे म्हणजे वारा वाया घालवणे. म्हणून जाताना देवळे दुरूनच पाहायची आणि परतताना, वल्ह्यांनी आणि प्रवाहाच्या ओढीने उतरताना, एकेक स्थळ सावकाश न्याहाळायचे. अस्वानच्या धबधब्यापाशी शेकडो न्यूबियन माणसांनी दोर लावून नौका खडकांमधून वर ओढून घेतली. जानेवारीच्या अखेरीस ‘फिले’ अबू सिंबेलला लागली.

दुसऱ्या रामसेसने डोंगर कोरून घडवलेल्या त्या मंदिरापुढे साठ फुटांहून उंच असे चार पुतळे बसलेले आहेत. उत्तरेकडच्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर पांढरे डाग पडले होते. सुमारे अर्धशतकापूर्वी रॉबर्ट हे या संशोधकासाठी त्याचा साचा घेताना वापरलेल्या प्लास्टरचे ते उरलेले थर होते. अमेलियाबाईंच्या मंडळींनी वल्ही आणि बांबू बांधून परांची उभारली, खलाशांकडून प्लास्टर खरवडून घेतले आणि राहिलेले डाग मूळ दगडाच्या रंगात मिसळावेत म्हणून त्यांवर कडक कॉफीचे हात दिले. रामसेसच्या एवढ्या थोरल्या तोंडाला किती कॉफी लागते हे पाहून नौकेवरचा आचारी हवालदिल झाला. सुट्टीवर आलेल्या माणसांनी जुन्या वास्तूची निगा राखल्याचे उदाहरण म्हणून ही हकीकत आजही सांगितली जाते. आजचे संवर्धनतज्ज्ञ मात्र ती ऐकून कपाळाला हात लावतील.

तेथेच १६ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांच्यातील चित्रकार अँड्र्यू मॅकॅलम फिरायला गेले असता त्यांना खडकात एक फट दिसली. त्यांनी चिठ्ठी धाडली. बाकीची मंडळी ताटावरून उठून धावली आणि मिळेल त्या साधनाने, प्रसंगी हातांनी, वाळू उपसू लागली. आत निघाली एक लहान खोली, भिंतींवर ताज्या रंगांची चित्रे असलेली. पुढे आसपासचे गावकरी मजुरीवर लावून ती मोकळी करण्यात आली. अमेलियाबाईंनी मापे घेतली, चित्रे उतरवून घेतली. आणि त्या आनंदाच्या भरात सर्वांनी आपली नावे व शोधाची तारीख आतल्या भिंतीवर लिहून ठेवली.

ही शेवटची गोष्ट त्यांच्या चरित्रात झाकण्याजोगी नाही, आणि त्यांनी स्वतःही ती झाकली नाही. त्या प्रवासात त्यांनी जे पाहिले ते असे: पर्यटक देवळांवर नावे कोरतात, अभ्यासक ओला कागद दाबून लेखांचे ठसे घेतात आणि त्याबरोबर रंगही उचलून नेतात, संग्राहक मिळेल ते विकत घेतात, आणि विकत घेणारा आहे म्हणून गावकरी थडगी फोडतात. लक्सरला त्या स्वतः चोरट्या बाजारात एका ममीच्या सौद्यात पडल्या होत्या. ती ममी दुसऱ्या दहाबियावरच्या दोन बायकांनी अधिक किंमत देऊन पटकावली, आणि आठवडाभरात तिची दुर्गंधी सहन न होऊन नाईलमध्ये बुडवली. वडोदऱ्याच्या किंवा हैदराबादच्या संग्रहालयात काचेआड ममी पाहिलेल्या वाचकाला तेव्हाच्या या व्यवहाराची कल्पना करणेही कठीण जाईल. अमेलियाबाई स्वतः यातून अलिप्त नव्हत्या. त्यांच्या घरी दोन प्राचीन इजिप्शियन शिरे शयनगृहाच्या कपाटात होती. पुढे काही वर्षांनी त्यांच्या कानावर आले की अबू सिंबेलच्या त्या खोलीतली चित्रे बरीच खराब झाली आहेत, आणि त्यांची नावेही अर्धवट पुसली गेली आहेत. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी हे नमूद केले.

ते पुस्तक, ‘अ थाउजंड माइल्स अप द नाईल’, १८७७ मध्ये निघाले. चित्रे त्यांच्याच हातची होती. लिहायला दोन वर्षांवर वेळ लागला, कारण मध्यंतरी त्यांनी चित्रलिपी शिकायला घेतली आणि प्रत्येक स्थळाची माहिती जाणकारांकडून तपासून घेतली. प्रवासवर्णन म्हणून ते गाजले. अमेलियाबाईंना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. खजिना शोधण्यासाठी नव्हे तर ज्ञानासाठी, नोंदी ठेवून, शास्त्रीय उत्खनन झाले पाहिजे, आणि त्यासाठी सरकारची वाट न पाहता लोकांकडून पैसा उभा केला पाहिजे, हे त्यांनी ठरवले. १८८२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील नाणकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड स्टुअर्ट पूल आणि धनाढ्य शल्यविशारद सर इरॅस्मस विल्सन यांच्या साह्याने ‘इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड’ स्थापन झाला. पूल यांच्यासह अमेलियाबाई चिटणीस झाल्या. कादंबरीलेखन थांबले. वर्गणीसाठी हजारो पत्रे, वर्तमानपत्रांत लेख, व्याख्याने, हाच त्यांचा दिवस झाला. उत्पन्न घटले, पण त्यांनी मागे पाहिले नाही. फंडाने एदुआर नाव्हिल यांना १८८३ मध्ये आणि पुढच्याच वर्षी फ्लिंडर्स पेट्री या तरुणाला उत्खननावर धाडले. फुटक्या खापरांतूनही कालक्रम वाचता येतो हे जगाला शिकवणारे ते हेच पेट्री. फंडाशी त्यांचे बिनसले तरी अमेलियाबाईंशी त्यांचे संबंध अखेरपर्यंत राहिले.

१८८९-९० च्या हिवाळ्यात अमेलियाबाईंनी अमेरिकेचा दौरा केला आणि शंभरावर व्याख्याने दिली. ओहायोतील कोलंबस येथे पडून हात मोडला, तरी त्यांनी दौरा सोडला नाही. मात्र परतल्यावर प्रकृती पूर्ववत झाली नाही. १८९१ च्या शरदात लंडनच्या गोदीत फंडाच्या पेट्या उतरवून घेताना त्यांना फुप्फुसाचा विकार जडला. १८९२ च्या जानेवारीत एलेन ब्रेशर गेल्या आणि १५ एप्रिलला वेस्टन-सुपर-मेअर येथे अमेलियाबाईंचे निधन झाले.

मृत्युपत्रात त्यांनी आपला ग्रंथसंग्रह, जमवलेल्या प्राचीन वस्तू आणि सुमारे अडीच हजार पौंड लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला देऊन इजिप्तविद्येचे अध्यासन स्थापण्याची तजवीज केली होती. हे कॉलेज निवडण्याचे कारण, तेथे स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणेच पदवी मिळे. अटी अशा घातल्या होत्या की ब्रिटिश म्युझियमच्या नोकरीतील कोणी पात्र ठरू नये आणि वय चाळिशीच्या आत असावे. म्हणजे नाव न लिहिताही पेट्री यांचीच निवड व्हावी. तसेच झाले. ब्रिटनमधील या विषयाच्या पहिल्या प्राध्यापकपदावर पेट्री १९३३ पर्यंत राहिले.

अमेलियाबाई त्या एका हिवाळ्यानंतर इजिप्तला पुन्हा कधीच गेल्या नाहीत. ब्रिस्टलजवळच्या हेनबरी येथे एलेन यांच्या शेजारी त्यांना पुरले आहे. थडग्यावर एक दगडी ओबेलिस्क उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी आडवे ठेवलेले ‘आंख’ हे इजिप्शियनांचे जीवनचिन्ह.