बेटावरची गाणी

लोकगीत जपायचं म्हणजे जसंच्या तसं ठेवायचं, की चार लोकांच्या ओठी बसेल असं करायचं? हा प्रश्न पडला की मला मार्जरी केनेडी-फ्रेझर आठवतात.

मार्जरीबाईंचा जन्म १८५७ सालचा, स्कॉटलंडमधल्या पर्थचा. वडील डेव्हिड केनेडी नामवंत गायक. सारं बिऱ्हाड बरोबर घेऊन ते देशोदेशी कार्यक्रम करत. हिंदुस्थानातही येऊन गेले. मार्जरी लहानपणीच त्यांच्या साथीला पियानोवर बसू लागली. पुढे मात्र घावावर घाव. १८८१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात नाट्यगृहाला आग लागली, तीत तिची तीन भावंडं गेली. १८८६ साली वडील गेले. १८८७ साली गणितज्ञ अ‍ॅलेक फ्रेझर यांच्याशी लग्न झालं, तर १८९० साली तेही गेले. पदरात दोन लहान मुलं. एडिंबरोत संगीताच्या शिकवण्या करून बाईंनी संसार ओढला.

१९०५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, चित्रकार जॉन डंकन यांच्या सांगण्यावरून त्या हेब्रिडीज बेटांपैकी चिमुकल्या एरिस्केवर पोचल्या. तिथली भाषा गॅलिक. बाईंची ती मायबोली नव्हे. तिथे गाणं कामातच मुरलेलं. दूध काढताना गाणं, वल्ही मारताना गाणं, लोकरीचं ओलं कापड फळीवर आपटून घट्ट करताना बायकांचं गाणं. बाईंनी पुढे फोनोग्राफ नेला आणि मेणाच्या नळकांड्यांवर ते आवाज धरले. केनेथ मॅक्लाउड या गॅलिक जाणणाऱ्या धर्मोपदेशकाच्या मदतीनं १९०९, १९१७ आणि १९२१ साली 'साँग्ज ऑफ द हेब्रिडीज'चे खंड निघाले. चालींना पियानोची साथ, शब्दांना इंग्रजी रूप. मुलगी पटुफा हार्प वाजवून गाई. शहरातली सभागृहं भारावली.

पण पुढच्या पिढीतले गॅलिक कवी सोर्ली मॅक्लीन यांच्यासारखे लोक खवळले. कष्टकऱ्यांच्या रांगड्या गाण्याला बाईंनी धुक्याचा, स्वप्नाळू साज चढवला, ही त्यांची तक्रार. मला ती खरी वाटते. जात्याची घरघर काढून घेतली तर ओवीचं काय उरेल?

तरीही मी बाईंच्या बाजूनं एक गोष्ट मोजतो. त्यांनी नुसता साज चढवला नाही, मूळ आवाजही टिपून ठेवला. १९३० साली त्या गेल्या. आयोना बेटावर त्यांची समाधी आहे. ती नळकांडी एडिंबरो विद्यापीठात जपलेली आहेत. बाईंनी काय बदललं, हे ताडून पाहण्याची सोय बाईंनीच करून ठेवली.