वाँटेजची विद्यार्थिनी

वडोदऱ्याला खंडेराव मार्केटजवळ माझे आजोळ आहे. मामीबरोबर भाजीला जावे तर भाजीवाली गुजरातीत भाव सांगते, मामी मराठीत घासाघीस करते, आणि दोघींचा व्यवहार कुठेही अडत नाही. ही देखणी इमारत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली खंडेराव महाराजांच्या स्मरणार्थ उभी केली. त्याच वर्षी त्यांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तिकडे केडगावला त्याच सुमारास एक विधवा बाई हिब्रू आणि ग्रीक भाषांचे व्याकरण घोकत होती. गेल्या सुटीत मामांच्या कपाटात तिच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे १९७७ साली छापलेले जाडजूड पुस्तक हाती लागले. मी मराठी माध्यमाचा. शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचले. तीच पंडिता रमाबाईंची हकिकत सांगतो.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागानेही हक्क सांगावा अशा रमाबाई आहेत. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीबोवांना लोकनिंदा सोसावी लागली, आणि त्याच आईने पुढे रमाबाईंना शिकवले. घरात मराठी, बाहेर कानडी, पाठांतराला संस्कृत. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, तिथे रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला, आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, १८८२ साली, तेही पटकीने गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे पुढचा हिशेब मला विशेष आवडतो. या पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचा खर्च निघाला. वाँटेज गावच्या अँग्लिकन मठातील ज्या भगिनी हिंदुस्थानात यायच्या, त्यांना रमाबाईंनी मराठी शिकवायचे, आणि त्या बदल्यात राहण्याजेवण्याची सोय, असा करार होता. म्हणजे बाई कुणाच्या धर्मादायावर गेल्या नव्हत्या. जाण्याचा हेतू वैद्यकी शिकण्याचा होता. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि तो मार्ग बंद झाला.

१८८३ च्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. परक्या देशात, जवळच्या एकमेव सखीचे असे झाल्यावर दुसरे कुणी परतीचे जहाज पकडले असते. रमाबाई राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात केवढा गहजब उडाला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण मला वाटते, खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. धर्मांतर झाले की माणूस मुकाट्याने नव्या घरात नांदू लागतो असे आपण धरून चालतो. रमाबाई नांदल्या नाहीत. त्यांनी अभ्यास मांडला. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात दाखल झाल्या. तिथे संस्कृत शिकवायचे आणि स्वतः इंग्रजी, गणित, सृष्टिशास्त्रे शिकायची, पुढे ग्रीकही. धर्मशिक्षण चालूच होते, आणि तिथेच ठिणग्या पडत. शास्त्र्याची मुलगी ती! देव एक, तर त्रिमूर्तीसारखे हे त्रैक्य कसे, कुमारीच्या पोटी जन्म कसा, हे प्रश्न त्यांनी सोडले नाहीत. धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटे. प्राचार्या डोरोथिया बील मात्र धीराने, लांबलचक पत्रे लिहून उत्तरे देत. शिक्षक असावा तर असा, असे ती पत्रे वाचताना अनेकदा मनात आले.

लहान गोष्टींतही हेच. रमाबाई मांस सोडाच, अंडेही खात नसत. मठाला त्यात जातीचा अवशेष दिसे. गळ्यातल्या क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असेही त्यांनी विचारले. ज्या भाषेतला मंत्र आपल्या लोकांना कळत नाही तो मिरवायचा, तर सोवळ्यातल्या भटजीत आणि आपल्यात फरक काय उरला, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे इकडे शास्त्राला मान्य नाही आणि तिकडे बिशपांना! अनंतशास्त्र्यांनी जे सोसले तेच मुलीने थेम्सच्या देशात सोसले.

त्यांची भूमिका पत्रांतून स्वच्छ दिसते. ख्रिस्ताला त्यांनी स्वीकारले होते. कुठल्या एका चर्चच्या अधिकाऱ्यांकडे सदसद्विवेक गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या. यात त्यांचा हट्टही होता. उपकारकर्त्या भगिनींना त्यांची उत्तरे लागली असणारच, आणि मठाची बाजू अगदीच पोकळ होती असे मला म्हणवत नाही. अन्न, निवारा, मुलीचा सांभाळ हे सारे ज्यांच्या हाती, त्यांच्याशी वाद घालायला मात्र छाती लागते.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, मग ते पुण्याला आले, मुलींच्या ख्रिस्ती होण्यावरून १८९३ साली वादळ उठले, दुष्काळात केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. गुलबर्ग्यालाही त्यांनी शाळा काढली.

विद्यार्थिनी मात्र त्या अखेरपर्यंत राहिल्या. मराठी बायबल खेडवळ बाईला कळत नाही, म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत नवे भाषांतर त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हाती घेतले. खिळे जुळवायला, छापायला सदनातल्याच बायका. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आई मुद्रिते तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला.